जयसिंगपूर चुकवून खिद्रापूर

"पन्हाळ्याला जायचं म्हंजे केर्लीत थांबावं लागतंय," विरूपाक्ष म्हणाले, "आन् केर्लीत थांबलं की पन्हाळा हुतच न्हाय."

विरूपाक्ष हे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणारे गुळाचे अडते. समोर त्यांचे व्याही चनबसप्पा पाय पसरून बसले होते. सून शांभवीला दिवस गेले होते, म्हणून तिचे आईवडील विजापूरहून दोन दिवसांसाठी आले होते. त्यातला एक दिवस आल्यागेल्यांच्या भेटीत संपला होता आणि उद्याचा दिवस व्याह्यांना ऐतिहासिक स्थळं दाखवण्यासाठी राखून ठेवलेला होता. हे दाखवणं विरूपाक्षांच्या दृष्टीनं साधं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा चनबसप्पांनी त्यांना गोल घुमट, इब्राहिम रोजा आणि मुलूख मैदान तोफ असं सगळं एका दिवसात हिंडवलं होतं आणि परतीच्या बसमध्ये बसवताना सहज विचारलं होतं, "तुमच्याकडं काय काय आहे हो बघण्यासारखं?" ते सहज विचारणं विरूपाक्षांच्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं.

बघण्यासारखं कोल्हापूरच्या चहूबाजूंना भरपूर आहे. अडचण अशी की प्रत्येक वाटेवर विरूपाक्षांचं कुणी ना कुणी राहत होतं. केर्लीत चुलतभाऊ. नव्या राजवाड्याच्या पलीकडे बावड्यात मेव्हणी. राधानगरीच्या रस्त्यावर तर मामांची तीन घरं एका ओळीत. आपल्या माणसाच्या दारावरून गाडी गेली आणि थांबली नाही, तर या भागात ते कुणी विसरत नाही. थांबली तर चहावर भागत नाही. चहा होईस्तोवर कणीक मळली जाते, कणीक मळली की पुरण शिजायला पडतं आणि व्याही सोबत असले की शेजारच्या घरातूनही ताट येतं. मग गड, किल्ले, राजवाडे जिथल्या तिथे राहतात.

"मग खिद्रापूर बघू की," आतून आवाज आला.

दोघांनीही वळून बघितलं. विरूपाक्षांच्या पत्नी पवित्राबाई दारात उभ्या होत्या. सहलीला कुठं जायचं याबद्दल त्यांनी मत द्यायची ही पहिलीच वेळ होती.

"अगं, खिद्रापूरला जाताना जयसिंगपूर लागतंय. शांताक्का हाय तिथं."

"म्हायती हाय मला," पवित्राबाई म्हणाल्या.

त्यांना माहीत असणारच. शांताक्का म्हणजे शांतव्वा, विरूपाक्षांची थोरली बहीण. आजवर घरातले पाहुणे कोपेश्वराचं देऊळ बघायला जितक्या वेळा गेले, तितक्या वेळा पवित्राबाईही निघाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी जयसिंगपुरात अक्कांच्या स्वयंपाकघरात उतरल्या होत्या. पुरुषमंडळी म्हणत, "तुमी दोघी जेवणाचं बघा, आमी देऊळ बघून येतो." पन्हाळ्याचंही तेच. गडावरचा तीन दरवाजा कसा दिसतो ते पवित्राबाईंना सांगता आलं नसतं, पण केर्लीच्या जावेच्या घरातली चूल कोणत्या वाऱ्याला धुमसते ते त्या डोळे मिटून सांगू शकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी इतिहास बघितला तो पोळ्या लाटता लाटता, जेवायला परतलेल्या लोकांच्या तोंडून. त्यात एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली होती. खिद्रापूरच्या मंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि खाली उभं राहिलं की वर नुसतं आभाळ दिसतं, असं प्रत्येक जण सांगायचा. ते आभाळ त्यांना एकदा बघायचं होतं. आजवर हे त्यांनी फक्त शांभवीला सांगितलं होतं. उद्या घरी विहीणबाई होत्या, म्हणजे सुनेजवळ थांबायची चिंता नव्हती. असा दिवस पुन्हा कधी येणार, हे कुणाला ठाऊक.

"मामा, इचलकरंजीवरनं गेलं तर?" शांभवी सासऱ्यांना म्हणाली. "जयसिंगपूर लागतच न्हाई."

विरूपाक्षांनी मनातल्या मनात रस्ता तपासला. इचलकरंजीत साडूंचा मुलगा होता, पण तो यंत्रमागावर रातपाळी करायचा आणि दिवसा मेल्यासारखा झोपायचा, त्यामुळे त्याची भीती नव्हती. त्याच्यापुढे खिद्रापूरपर्यंत आपलं म्हणावं असं एकही घर नव्हतं. एवढा मोकळा रस्ता आपल्या नशिबी आहे याचं त्यांनाच नवल वाटलं.

"पण अक्काला कळता कामा न्हाय," ते म्हणाले. "मागं थोरला पुतण्या दारावरनं गेलता, तर त्याच्या लग्नाला आली न्हवती ती."

सकाळी भाड्याची ट्रॅक्स गाडी दारात आली. ड्रायव्हर केरबा. पुढं विरूपाक्ष, मागं व्याही आणि खिडकीशी पवित्राबाई. त्यांनी ठेवणीतली इरकली साडी नेसली होती. डबा बरोबर घ्यायचा नाही, असं शांभवीनं बजावलं होतं. "अत्ती, डबा घेतला की तुम्ही वाढत बसणार," ती सासूबाईंना म्हणाली होती. इचलकरंजी मागं पडली, मागांचा खडखडाट मागं पडला आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. चनबसप्पा खुशीत येऊन म्हणाले, "छान प्रदेश आहे नोडरी, बघा," आणि विरूपाक्षांनी तो ऊस जणू स्वतः लावला असावा अशी मान हलवली.

खिद्रापूर थोडक्यावर आलं असताना केरबानं गाडी एका गावात वळवली.

"हिकडं कुठं रं?" विरूपाक्षांनी विचारलं.

"मालक, माझी भन हाय हितं. धोंडुबाई. दारावरनं गाडी गेली आन् थांबली न्हाय, तर जलमभर तोंड बघायची न्हाय माझं."

दुसऱ्या कुणाला विरूपाक्षांनी झापलं असतं. पण ज्या भीतीनं ते स्वतः एवढा वळसा घालून आले होते, तीच भीती केरबाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना बोलायला जागा उरली नाही. "च्या घिऊ आन् उठू," एवढंच ते म्हणाले.

धोंडुबाई अंगणातच होती. पाहुण्यांना बघून तिनं सोप्यात घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. चहा आला. चहाबरोबर बातमीही आली.

"पावणं, जेवल्याबिगर कुणी जायाचं न्हाय. मालकास्नी कोंबडं धरायला धाडलंय."

चनबसप्पांनी कप खाली ठेवला. ते लिंगायत, गळ्यात इष्टलिंग होतं आणि सात पिढ्यांत त्यांच्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. परड्याकडून कोंबड्याचा ओरडा ऐकू येत होता. केरबानं बहिणीच्या कानात पुटपुटून पावणं कोण आहेत ते सांगितलं, तशी धोंडुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याला हाक मारून कोंबड्याची सुटका केली आणि पदर डोळ्याला लावला. पहिल्यांदा दारात मोठी माणसं आली आणि आपल्या हातून असं झालं, आता तुमी उपाशी जाणार, असं ती म्हणत राहिली.

पवित्राबाईंना ते बघवेना. कुणी बाई रडकुंडीला आली की काय करायचं, याचा त्यांच्या हातांना एकच सराव होता.

"अगं, झुणका-भाकरी कर की. त्याला काय लागतंय? मी लावते हात," त्या म्हणाल्या. आणि पाठोपाठ त्यांच्या तोंडून वाक्य निघून गेलं, "तुमी तंवर देऊळ बघून या."

ते वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपसूक बाहेर पडलं होतं. पवित्राबाईंना ते आपल्याच कानांनी ऐकू आलं, पण तोवर विरूपाक्ष उठून चप्पल घालत होते. "व्हय, व्हय. अर्ध्या तासात येतो. मग तुला न्हेतो," ते म्हणाले. ट्रॅक्स निघून गेली. पवित्राबाई परातीसमोर बसल्या आणि पीठ मळता मळता स्वतःवरच इतक्या चिडल्या की पहिली भाकरी जाड झाली.

तिकडे ट्रॅक्स देवळासमोर थांबली. विरूपाक्ष उतरले आणि समोर बघतात तो शांतव्वांचे यजमान, सोमशेखर दाजी. कुणा मित्राच्या रानात उसाचं नवं बेणं बघायला ते या बाजूला आले होते आणि परतीच्या एसटीची वाट बघत उभे होते.

"मेव्हणं? हिकडं कुठं?"

"तुमच्याकडंच निघालतो, दाजी."

"आमच्याकडं? खिद्रापूरवरनं?"

"म्हटलं, जरा मागनं यावं."

दाजींनी त्यावर फार विचार केला नाही. मेव्हणा व्याह्यांना घेऊन आपल्याकडे येतो आहे, यातच ते खूश झाले. "मग चला की," म्हणत ते पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

चनबसप्पा देवळाकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी एवढं बघून..."

"पावणं, देऊळ काय पळून जातंय व्हय? जेवायची वेळ झालीया. वैनी कुठं हायत?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देणं शक्य नव्हतं. अक्काचं घर चुकवून ड्रायव्हरच्या बहिणीकडे जेवण सांगितलं आहे, हे जयसिंगपुरात कळलं असतं तर उरलेल्या आयुष्यात विरूपाक्षांना बहिणीचं तोंड दिसलं नसतं. "घरी हाय," ते म्हणाले. "सुनेजवळ."

चनबसप्पांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते खोटं न बोलणारे गृहस्थ होते. विरूपाक्षांनी त्यांचा गुडघा घट्ट दाबला आणि गाडी निघेपर्यंत सोडला नाही.

रस्ता धोंडुबाईच्या गावावरूनच होता. गाव आलं तसा केरबानं वेग कमी केला.

"केरबा, चल," विरूपाक्ष मागून म्हणाले.

"मालक, पर झुणका..."

"चल म्हटलं न्हवं."

"कसला झुणका?" दाजींनी विचारलं.

"भूक लागली की बडबडतोय तो," विरूपाक्ष म्हणाले आणि खिडकीबाहेर न बघता बसले. इतक्या वर्षांत कुणाच्या दारावरून न थांबता पुढं जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. आला तो नेमका बायको आत बसलेल्या दारावरून.

जयसिंगपुरात शांतव्वांनी भाऊ आणि व्याही बघून हरभऱ्याची डाळ शिजत घातली. होळगीशिवाय, म्हणजे पुरणपोळीशिवाय, व्याह्यांना उठवायचं नाही, हे ठरलेलंच होतं. मग डाळ शिजेपर्यंत शेजारी भेटायला आले, शेजाऱ्यांनी विजापूरची चौकशी केली, आणि दाजींनी बेण्याचं एक कांडं दाखवून सगळ्यांना त्यावरचे कोंबाचे डोळे मोजायला लावले. विरूपाक्षांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळावर होतं.

"पवित्राला फोन लावते," अक्का म्हणाल्या. "बरोबर का आली न्हाईस म्हणून इचारते."

"फोन डेड हाय," विरूपाक्ष घाईनं म्हणाले. त्या काळात घराघरात फोन आले होते आणि ते केव्हाही बंद पडत, त्यामुळे ही थाप लगेच पचली. अक्कांनी समजूत घालून घेतली आणि भावाच्या पानात आणखी एक होळगी वाढली. चनबसप्पा खाली मान घालून जेवत होते. तोंडात घास असेपर्यंत खोटं बोलावं लागत नाही हे त्यांना उमगलं होतं, म्हणून वाढायला आलं की ते नाही म्हणत नव्हते.

इकडे भाकऱ्या गार झाल्या होत्या. झुणक्यावर ताट झाकलं होतं. धोंडुबाई दोनदा वेशीपर्यंत जाऊन आली. दुसऱ्या खेपेला तिला पानपट्टीवाल्यानं सांगितलं की गाडी मघाशीच पुढं गेली, आत आणखी एक पावणं होतं.

पवित्राबाईंना सगळं कळलं. पाठमोऱ्या पावण्याचं वर्णनसुद्धा त्यांनी विचारलं नाही. "दाजींनी धरलं," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. त्यांना रडू येत होतं. लहान पोरीसारखं देवळासाठी रडायचं हे त्यांचं वय नव्हतं, म्हणून त्यांनी इरकलीच्या काठाला लागलेलं पीठ झटकायला घेतलं.

धोंडुबाई त्यांच्याकडे बघत उभी होती. "वैनी, तुमी देऊळ बघितलं न्हाई अजून?"

"न्हाई."

"कवाच?"

"कवाच न्हाई."

"आन् हितवर येऊन माझ्या चुलीम्होरं बसला?" धोंडुबाईनं सरळ विचारलं. तिनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या, झुणका डब्यात भरला आणि चपला पायांत सरकवल्या. "उठा. मळ्यातनं आडवं गेलं की जवळ हाय. मी दर सोमवारी जाती."

उसाच्या मधल्या पायवाटेनं दोघी निघाल्या. पाती गालाला लागत होती, इरकलीला चिखल लागत होता आणि पवित्राबाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. देऊळ आलं तेव्हा ऊन चांगलंच वर होतं आणि आवारात एक शेळी आणि तिच्यामागं लागलेला पुजारी सोडला तर कुणी नव्हतं.

पवित्राबाई मंडपाच्या मध्यभागी, गोल दगडावर जाऊन उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी खांब उभे होते आणि वर सांगितल्यासारखंच आभाळ होतं, गोल आणि निळं. त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की इथं एका पंगतीला किती पानं बसतील. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्या खूप वेळ वर बघत राहिल्या. मान दुखली तेव्हा खांबाला टेकून बसल्या आणि पुन्हा बघत राहिल्या. कुणी पाणी मागत नव्हतं, कुणी आणखी दोन पावणं आल्याचं सांगत नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटत होतं की ते कुणाला सांगावं असंही वाटेना.

"हितं नंदी न्हाई बघा," धोंडुबाई म्हणाली. "शंकराची बायको नंदीवर बसून म्हायेरला गेली. गाडी बी गेली आन् बायको बी गेली, म्हणून देव कोपला. म्हणून कोपेश्वर."

पवित्राबाईंनी विचार केला. "आमच्यात गाडी घिऊन हेच गेले," त्या म्हणाल्या.

"मग कोपा की."

"न्हाई येत गं राग," पवित्राबाई म्हणाल्या आणि ते खरंच होतं. सकाळपासूनचा राग कुठं गेला ते त्यांना शोधूनही सापडत नव्हतं. दोघींनी बाहेर झाडाखाली बसून झुणका-भाकरी खाल्ली. नंतर देवळाला फेरी मारताना पवित्राबाईंनी खालच्या ओळीतल्या एकेका हत्तीजवळ थांबून त्याला नीट बघितलं. घाई करणारं कुणीच नव्हतं.

ट्रॅक्स परत आली तेव्हा सूर्य उसामागं गेला होता. विरूपाक्षांनी वाटभर बायकोला काय सांगायचं याची तयारी केली होती. पण अंगणात पाऊल ठेवताच धोंडुबाईनं ताटं मांडली.

"पावणं, बसा. आमी दोघी देऊळ बघून आलो, भाकरी ताज्या थापल्यात."

"आमचं जेवण..." विरूपाक्षांनी सुरुवात केली.

"उपाशी माणसाला कुठं पाठवती मी? बसा."

कुठं जेवलो हे सांगायची सोय नव्हती. पोटात होळग्या घेऊन दोघे व्याही पुन्हा जेवायला बसले. चनबसप्पांनी घामाघूम होऊन एक भाकरी संपवली. विरूपाक्ष प्रत्येक घासाला पवित्राबाईंकडे बघत होते. त्या शांतपणे त्यांच्या ताटात झुणका वाढत होत्या.

"अक्का बऱ्या हायत?" पवित्राबाईंनी विचारलं.

विरूपाक्षांचा हात थांबला. "बऱ्या हायत," ते म्हणाले.

"होळगी केलती?"

"केलती."

"मग अजून अर्धी भाकरी घ्या. होळगीनं काय पोट भरतंय?"

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. चनबसप्पा खाकरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची विजापूरची गाडी होती आणि तिकडे चार माणसं विचारणारच होती.

"विहीणबाई," ते अदबीनं म्हणाले, "ते देऊळ... कसं आहे म्हणायचं?"

पवित्राबाईंनी सांगायला सुरुवात केली. खांब सांगितले, आभाळ सांगितलं, हत्तींवर कोण कोण बसलं आहे ते सांगितलं, नंदी का नाही ते सांगितलं. इचलकरंजी आली तरी त्यांचं संपलं नव्हतं. चनबसप्पा मधूनमधून "हौदु, हौदु" असा कानडी होकार भरत लक्षात ठेवत होते. केरबानं टेप लावला नाही. विरूपाक्ष पुढं तोंड करून बसले होते, पण कान मागं होते.

चनबसप्पांनी विजापुरात देवळाचं इतकं सुरेख वर्णन केलं की त्यांच्या नात्यातली माणसं खिद्रापूर बघायला कोल्हापूरला येऊ लागली. जेवतात ती जयसिंगपुरात अक्कांकडे, पण निघण्याआधी शिवाजी पेठेत येऊन विचारतात, काय बघायचं, कसं बघायचं. पवित्राबाई बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसमोर बसून सगळं सांगतात. विरूपाक्ष थोडा वेळ बसतात. मग कुणीतरी त्यांच्याकडे वळून विचारतं, "तुम्हाला त्यातलं काय आवडलं हो?"

"तुमी बोलत बसा," असं म्हणून विरूपाक्ष उठतात. "मी च्याचं बघतो."

आत जाऊन ते स्टो पेटवतात आणि चहा उकळला तरी लगेच बाहेर येत नाहीत. पाहुणे जास्त असले की भाजीही निवडायला घेतात.